निळी स्क्रीन आणि ४८ आकडे: लॅपटॉपची डिस्क सुरुवातीलाच उघडेना तेव्हा

लॅपटॉपचं बटण दाबलं, कंपनीचा लोगो येऊन गेला आणि नेहमीच्या लॉगिनऐवजी निळी स्क्रीन उभी राहिली: 'बिटलॉकर रिकव्हरी'. खाली एक लांबलचक रिकामी चौकट आणि तिच्यात ४८ आकडी रिकव्हरी की टाका असा निरोप. बिटलॉकर म्हणजे विंडोजमधली, डिस्कला कुलूप लावणारी सोय. अनेकांनी त्या क्षणापर्यंत हे नावही ऐकलेलं नसतं. आपण असलं काही कधी चालूच केलं नव्हतं, मग ही की आणायची कुठून?

आधी धीराची गोष्ट. ही स्क्रीन दिसते आहे याचा अर्थ डिस्क बहुधा शाबूत आहे, कारण हा निरोप दाखवणारा प्रोग्रॅम त्याच डिस्कवरच्या एका छोट्या, कुलूप नसलेल्या भागातून सुरू होतो. फोटो, हिशेब, अर्धवट राहिलेला प्रबंध, सगळं जिथल्या तिथे आहे. संगणकाला फक्त इतकंच जाणवलंय की आज काहीतरी कालच्यापेक्षा वेगळं आहे, आणि खात्री पटेपर्यंत तो डिस्क उघडणार नाही.

माहिती जाते ती बहुतेकदा यानंतरच्या तासाभरात, घाईघाईत केलेल्या उपायांमुळे. कुणी 'रीसेट धिस पीसी' निवडून 'रिमूव्ह एव्हरीथिंग' दाबतं. कुणी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, जाऊन 'क्लिअर टीपीएम' करतं (टीपीएम म्हणजे या कुलपाची एक की सांभाळणारी चिप), कारण इंटरनेटवर कुठेतरी तसं वाचलेलं असतं. कुणी लॅपटॉप उचलून दुरुस्तीच्या दुकानात देतं आणि संध्याकाळी तो स्वच्छ फॉरमॅट होऊन परत येतो. म्हणून हा लेख वाचताना एक क्रम डोक्यात पक्का ठेवा: आधी की शोधायची, मग काय बदललं ते शोधायचं आणि दुरुस्तीला हात शेवटी घालायचा. की हातात येईपर्यंत पुसणारं, रीसेट करणारं किंवा क्लिअर करणारं कुठलंही बटण दाबायचं नाही.

आत नेमकं काय घडतं

डिस्कवरचा सगळा मजकूर एका गुप्त संख्येने, म्हणजे एन्क्रिप्शन कीने, गुंतवून ठेवलेला असतो. ही की स्वतः डिस्कवरच असते, पण तिलाही दुसऱ्या एका कीने बंद केलेलं असतं. त्या दुसऱ्या कीकडे जाण्याच्या वाटा मात्र अनेक असू शकतात. त्यातली एक वाट मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपमधून जाते (आजच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये ती वेगळी चिप नसते, प्रोसेसरच्याच आत असते). दुसरी वाट म्हणजे ती ४८ आकडी रिकव्हरी की. रोज सकाळी आपल्या नकळत पहिली वाट वापरली जाते. ती बंद झाली की संगणक दुसरी मागतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून टीपीएम पूर्ण बिघडला तरी ४८ आकडे असतील तर सगळी डिस्क उघडते.

टीपीएमची वाट का बंद होते? संगणक सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची एक मोजणी करतो आणि ती टीपीएमच्या खास खान्यांत नोंदवतो. या खान्यांना पीसीआर म्हणतात आणि ते २४ असतात. नोंद करताना जुना आकडा पुसून नवा लिहिला जात नाही. जुना आकडा आणि नवी मोजणी एकत्र करून त्यांचा हॅश, म्हणजे ठरावीक गणिताने निघणारा ठशासारखा आकडा, काढतात, आणि तोच त्या खान्याचा नवा आकडा ठरतो. फोडणीसारखं आहे हे: तेलात आधी मोहरी, मग जिरं, मग हिंग. क्रम चुकला तर चव बदलते, आणि एकदा पडलेला पदार्थ बाहेर काढता येत नाही. खाने पुन्हा कोरे होतात ते यंत्र नव्याने सुरू केल्यावरच. बिटलॉकर चालू करताना टीपीएमला सांगितलेलं असतं की अमुक खान्यांत अमुक आकडे असतील तरच की सोडायची. आधुनिक यंत्रांवर हे खाने साधारणपणे ७ आणि ११ क्रमांकाचे असतात. ७ व्या खान्यात सिक्युअर बूट (मान्य सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे का, कुणाच्या सह्या मान्य आहेत, कुणाच्या अमान्य, याची मोजणी असते. एक अक्षर बदललं तरी आकडा पूर्ण वेगळा येतो आणि टीपीएम गप्प बसतो.

तो गप्प बसणं हीच या सगळ्या रचनेची कमाई आहे. लॅपटॉप चोरीला गेला, चोराने पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम सुरू करून पाहिली, तरी त्याला तुमच्या फायली वाचता येत नाहीत. त्रास एवढाच की चोर आणि बायोस अपडेट करणारा मालक, दोघेही टीपीएमला सारखेच दिसतात.

काय बदललं असेल

सर्वांत जास्त वेळा बायोसचं अपडेट. ते विंडोज अपडेटबरोबर गुपचूप येऊन बसलेलं असू शकतं, त्यामुळे 'मी काहीच केलं नाही' हे वापरणाऱ्याचं म्हणणं बहुधा प्रामाणिक असतं. दुसरं कारण बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जाणं: मदरबोर्डवरची छोटी गोल बॅटरी संपली, यंत्र कित्येक महिने बंद पडून होतं, आणि सुरू केल्यावर सिक्युअर बूट किंवा टीपीएमच बंद झालेला निघाला. घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं दिसलं तर संशय या बॅटरीवर घ्यावा. मग सेवा केंद्रात मदरबोर्ड बदलला जाणं. तिथे टीपीएम वेगळाच असतो, त्याला तुमच्या डिस्कची ओळखच नसते. विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टीम बसवणं आणि विंडोज त्याच्या मेनूतून सुरू करणं हेही एक. शिवाय कधीकधी यूएसबीला लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह किंवा डॉक एवढ्यानेही काम बिघडतं, म्हणून सगळ्यात आधी लावलेलं सगळं काढून एकदा यंत्र पूर्ण बंद करून सुरू करून पाहावं. याने काही गमावत नाही.

आणि कधी चूक अपडेटचीच असते. ९ जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर काही यंत्रांवर ही स्क्रीन विनाकारण येऊ लागली. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं आणि ऑगस्टच्या अपडेटमध्ये दुरुस्ती दिली. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या अपडेटने तसंच झालं, पण फक्त काही इंटेल प्रोसेसरांवर, जिथे टीएक्सटी नावाची सुविधा चालू होती. तेव्हा काही दिवसांत तातडीचं वेगळं अपडेट काढावं लागलं. म्हणून स्क्रीन आली की फोनवर एवढं जरूर पाहा: या आठवड्यात इतरांनाही हेच होतंय का? होत असेल तर तुमच्या लॅपटॉपमध्ये बिघाड शोधत बसण्यात अर्थ नाही.

की कुठे सापडते

विंडोजच्या होम आवृत्तीत याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा साइन इन केलं की ते आपोआप चालू होतं आणि की त्या खात्यात जाऊन बसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्यासाठीच्या हार्डवेअरच्या अटी सैल केल्या गेल्या, त्यामुळे नव्याने घेतलेल्या किंवा नव्याने विंडोज टाकलेल्या कितीतरी घरगुती लॅपटॉपवर ते चालू असतं. डिस्क कुलूपबंद असणं चांगलंच आहे, असं माझं ठाम मत आहे. पण मालकाला ठळकपणे न सांगता कुलूप लावणं मला पटत नाही. की कुठे ठेवली आहे हे त्या पहिल्या सेटअपच्या वेळीच मोठ्या अक्षरांत दाखवायला हवं.

तर, दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर ब्राउझर उघडा, मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर साइन इन करा आणि 'डिव्हायसेस' मध्ये जाऊन बिटलॉकरच्या कींची यादी पाहा. निळ्या स्क्रीनवर एक की आयडी दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं यादीतल्या आयडीशी जुळवा. यादीत तीन-चार की असणं नेहमीचंच आहे: जुना लॅपटॉप, मधे एकदा पुन्हा टाकलेलं विंडोज, दुसरं पार्टिशन. आयडी न जुळणारी की कितीही वेळा टाकली तरी उपयोग नाही. आणि 'की घेतच नाही' अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं.

यादी रिकामी असेल तर खातं चुकीचं आहे असं आधी धरा. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा कुणाचं खातं टाकलं होतं ते आठवा. आईच्या लॅपटॉपवर मुलाचं खातं, मुलीच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर बाबांचं, असं घरोघरी असतं. दुकानदाराने 'सगळं सेटअप करून' दिलं असेल तर त्यालाही विचारा. त्या वेळी घाईत नवीन खातं काढलेलं असू शकतं, तेव्हा फोनमधले त्या तारखेच्या आसपासचे मेसेज आणि मेल चाळा. २४एच२ आणि त्यापुढच्या विंडोजमध्ये ही स्क्रीनच खात्याच्या ईमेलचा अंशतः झाकलेला मागमूस दाखवते. ती ओळ लक्ष देऊन वाचा.

ऑफिसचं किंवा विद्यापीठाचं खातं जोडलेलं असेल तर की त्या संस्थेच्या सर्व्हरवर जाते, आणि आयटी विभाग ती फोनवर वाचून दाखवू शकतो. नोकरी सोडल्यानंतरही हे विचारता येतं. संस्थेने यंत्राची नोंद पुसायच्या आत विचारलं म्हणजे झालं. याखेरीज कुणी पूर्वी कीची प्रिंट काढली असेल किंवा 'बिटलॉकर रिकव्हरी की' अशा नावाने सुरू होणारी टेक्स्ट फाइल पेन ड्राइव्हवर, मेलमध्ये ठेवली असेल. जुन्या फाइल्सचे गठ्ठे, लॅपटॉपच्या बिलाचं पाकीट, दोन्ही उघडून पाहावं.

मायक्रोसॉफ्टच्या मदतकेंद्राला फोन करून की मिळत नाही. खात्यात नसेल तर ती त्यांच्याकडेही नसते आणि नव्याने बनवताही येत नाही.

पुसट झालेला आकडा

४८ आकडे ही सहा-सहाच्या आठ गटांत विभागलेली संख्या असते, आणि प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो. हा योगायोग नाही. टायपिंगची चूक लगेच पकडता यावी म्हणूनच ती तशी रचलेली आहे. गट चुकला तर स्क्रीन तिथेच अडवते, पुढच्या गटाची वाट पाहत नाही.

याचा आपल्याला फार उपयोग होतो. समजा वहीतला एक गट १३?७९५ असा आहे, मधला आकडा पाण्याने गेला. ११ ची कसोटी शाळेत शिकलेलीच आहे: पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या आकड्यांची बेरीज आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्यांची बेरीज, यांतला फरक शून्य किंवा ११ च्या पटीत हवा. इथे दुसरी बाजू ३ + ७ + ५ म्हणजे १५. पहिली बाजू १ + ? + ९, म्हणजे १० आणि तो हरवलेला आकडा. दोन्ही बाजू जुळायला तो ५ च असू शकतो, दुसरा कुठलाच चालत नाही. गट झाला १३५७९५, आणि खरोखरच तो १२३४५ गुणिले ११ आहे. प्रत्येक गटातला एकेक आकडा गेलेला असला तरी अशी पूर्ण की परत उभी करता येते. दोन शेजारचे आकडे उलटसुलट लिहिले गेले असतील तर तेही याच कसोटीत उघडं पडतं.

आपल्याकडे एक घोळ विशेष होतो. की संगणकावर इंग्रजी अंकांत दिसते, घरातलं ज्येष्ठ माणूस ती वहीत मराठी अंकांत उतरवतं, आणि दोन वर्षांनी वाचणाऱ्याला मराठी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो. एखादा गट स्वीकारला जात नसेल तर हे अदलाबदल आधी करून पाहा. लॅपटॉपच्या वरच्या ओळीतले आकडे चालत नसतील तर फंक्शनच्या बटणांनीही आकडे टाकता येतात: एफ१ ते एफ९ म्हणजे १ ते ९ आणि एफ१० म्हणजे शून्य.

की नाहीच, तेव्हा

इथे बहुतेक लोक हार मानतात, आणि इथेच एक उपाय शिल्लक असतो. टीपीएम क्लिअर झालेला नसेल, मदरबोर्ड तोच असेल, तर त्याच्याकडची वाट अजून आहे, फक्त आकडे जुळत नाहीत. मग आकडे जुळवायचे! बदललं काय ते ओळखून जसंच्या तसं पूर्ववत केलं की पीसीआरमध्ये पुन्हा जुनेच आकडे येतात आणि डिस्क काहीही न विचारता उघडते. सिक्युअर बूट बंद झालं असेल तर चालू करा. बायोसमध्ये टीपीएम बंद दिसत असेल तर चालू करा (इंटेलवर त्याला पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम म्हणतात). विंडोज लिनक्सच्या मेनूतून सुरू होत असेल तर बायोसच्या बूट क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला आणा. नव्या बायोसमुळे झालं असेल आणि कंपनी जुन्या आवृत्तीवर परत जाऊ देत असेल तर तीही एक शक्यता आहे. एका वेळी एकच बदल करायचा, लिहून ठेवायचा आणि मग यंत्र सुरू करून पाहायचं.

एक सापळा मात्र टाळा. सिक्युअर बूटच्या पानावर 'रिस्टोअर फॅक्टरी कीज' असं एक निरागस दिसणारं बटण असतं. विंडोजने गेल्या काही वर्षांत अमान्य सह्यांची यादी अपडेट केलेली असते. ते बटण दाबलं की ती यादी कारखान्यातल्या जुन्या अवस्थेला जाते, आणि ७ व्या खान्याचा आकडा आणखी दूर सरकतो.

एएमडीच्या यंत्रांवर बायोस अपडेटनंतर किंवा प्रोसेसर बदलल्यावर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत एक प्रश्न येतो: नवा प्रोसेसर सापडला आहे, एफटीपीएम रीसेट करायचा का, वाय की एन? घाईत लोक वाय दाबतात आणि टीपीएमची वाट तिथेच कायमची पुसली जाते. की हातात नसेल तर एन. यात दुमत नाही. जुना प्रोसेसर परत बसवला तर त्यातल्या नोंदी वापरता येतात, असं ती सूचनाच सांगते.

मदरबोर्ड बदललेला असेल आणि की नसेल, तर सेवा केंद्राकडे जुना बोर्ड आहे का ते त्याच दिवशी विचारा. तो थोडा वेळ जरी चालू होत असेल तरी पुरे, आत शिरून की काढता येते.

आणि यातलं काहीच शक्य नसेल? तेव्हा खरं सांगणं हेच बरं. ४८ आकड्यांमागे १२८ बिटांची संख्या असते, म्हणजे शक्यता ३४ वर ३७ शून्यं इतक्या. सेकंदाला एक लाख कोटी शक्यता तपासणारं यंत्र असलं तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या कोट्यवधी पट काळ लागेल. 'बिटलॉकर तोडून देतो' म्हणणाऱ्याकडे यावरचा तोडगा नसतो. तो फॉरमॅट करून लॅपटॉप चालू करून देईल, डेटा नाही. तुमच्यासाठी लॅपटॉप महत्त्वाचा असेल तर नवी डिस्क घालून विंडोज टाका. जुनी डिस्क फॉरमॅट न करता नाव लिहून कपाटात ठेवा. विसरलेलं ईमेल खातं वर्षभराने आठवतं, आणि तेव्हा ती डिस्क तशीच असली तर उघडते.

की टाकली, तरी सुटका नाही

की स्वीकारली जाते, विंडोज सुरू होतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच स्क्रीन. याचं कारण सोपं आहे: टीपीएमला अजून जुनेच आकडे हवे आहेत. आत गेल्यावर कंट्रोल पॅनलमध्ये 'मॅनेज बिटलॉकर' उघडून 'सस्पेंड प्रोटेक्शन' करा, यंत्र एकदा सुरू होऊ द्या आणि मग 'रिझ्युम' करा. रिझ्युम करताना आजचे आकडे नवे मानले जातात. सस्पेंड केल्याने डिस्क उलगडली जात नाही, फक्त की तेवढ्यापुरती डिस्कवर उघडी ठेवली जाते, त्यामुळे काम मिनिटभरात होतं. होम आवृत्तीत हे बटण नसतं. तिथे सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करून पुन्हा चालू करणं हा वेळखाऊ पण सरळ मार्ग. ते चालू असताना चार्जर काढू नका. पुन्हा चालू केल्यावर की बदललेली असू शकते, म्हणून ती नव्याने उतरवून घ्यायची.

की स्वीकारली पण विंडोजच उभं राहत नाही, हा वेगळा आजार आहे. कुलूप उघडलंय, घर आतून पडलंय. अशा वेळी दुरुस्तीच्या मेनूतल्या कमांड प्रॉम्प्टमधून नोटपॅड सुरू करा, त्याच्या 'ओपन' खिडकीत सगळ्या फायली दिसतात आणि तिथूनच बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येतात. किंवा डिस्क काढून दुसऱ्या विंडोज संगणकाला जोडा: तिथे ती रिकव्हरी की मागते आणि उघडते, टीपीएमची गरजच नसते. लॅपटॉप पार मेला असला तरी हा मार्ग चालतो, डिस्क बोर्डवर सोल्डर केलेली नसेल तर. डिस्कचे काही भाग वाचता येत नसतील तर विंडोजमध्ये 'रिपेअर-बीडीई' नावाचं साधन आहे. ते की वापरून, जमेल तेवढं उलगडून, दुसऱ्या डिस्कवर लिहितं. ती डिस्क निदान तेवढ्याच क्षमतेची आणि रिकामी हवी, कारण तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलात तरी की बरोबर न्या. तिच्याशिवाय त्यांच्या हाती फक्त गुंतलेले बाइट लागतील.

बायोसमध्येच डिस्क दिसत नसेल तर प्रश्न एन्क्रिप्शनचा नाही. जोडणी किंवा डिस्क तपासा.

ज्यांनी विंडोज सुरू होण्याआधीच मागितला जाणारा बिटलॉकरचा पिन ठेवला आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं. ३२ वेळा चुकलं की टीपीएम दार लावून घेतो, आणि यंत्र चालू ठेवलेलं असताना दर दहा मिनिटांनी एक चूक विसरतो. बंद करून ठेवलं तर तो काळ मोजला जात नाही. पिनमध्ये अक्षरं असतील तर लक्षात घ्या की या टप्प्यावर कीबोर्ड अमेरिकी इंग्रजीच असतो, विंडोजमध्ये तुम्ही मराठी मांडणी वापरत असलात तरी.

लिनक्सवर बिटलॉकरचं काम करणाऱ्या लक्स एन्क्रिप्शनमध्येही पासफ्रेज (लांब पासवर्ड) 'चूक' ठरण्यामागे बरेचदा कीबोर्डची मांडणीच असते. पासफ्रेज मागणारी स्क्रीनच येत नसेल तर बूट मेनूतून जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडून पाहा, नव्या कर्नलसोबतची सुरुवातीला लागणारी इनिटरॅमएफएस ही फाइल नीट बनलेली नसण्याची शक्यता असते. लक्सचा सगळा जीव डिस्कच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये असतो. ते काही मेगाबाइट खराब झाले तर बरोबर पासफ्रेजही निरुपयोगी ठरते, म्हणून हेडरची प्रत दुसरीकडे ठेवणं अत्यावश्यक. मॅकमध्ये हेच काम करणाऱ्या फाइलव्हॉल्टची रिकव्हरी की २४ अक्षर-अंकांची असते, आणि अलीकडच्या मॅकमध्ये डिस्क त्या यंत्रापुरतीच बांधलेली असल्याने ती काढून दुसरीकडे वाचण्याचा मार्ग नाही.

आज उघडणाऱ्या लॅपटॉपवर

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्ती तशी किरकोळ होती: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण ज्या यंत्रांवर बिटलॉकर होतं तिथे त्याआधी ४८ आकडे लागत होते, आणि काही संस्थांमध्ये ते आकडे ज्या सर्व्हरवर होते तेही त्याच फाइलने बंद पडलेले होते. घरी आपण नेमकं हेच करतो. की लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर फाइल म्हणून ठेवतो, किंवा अशा खात्यात ठेवतो ज्याचा पासवर्ड त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरला माहीत आहे.

सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर की उतरवून घ्या. त्यानंतर फोनवरून, लॅपटॉपला हात न लावता, त्या खात्यात शिरून तीच की दिसते का ते तपासा. दिसली नाही तर आजच दुरुस्त करता येतं, निळी स्क्रीन आल्यावर नाही. आई-वडिलांच्या लॅपटॉपचं हे पुढच्या भेटीत तुम्हीच करून द्या, त्यांना फोनवर सांगून होणारं काम नाही हे. बायोस अपडेट करण्याआधी किंवा सेवा केंद्रात लॅपटॉप देण्याआधी प्रोटेक्शन सस्पेंड करायला विसरू नका; केंद्रातून परत आल्यावर ते रिझ्युम झालंय ना तेही पाहा, नाहीतर कुलूप उघडंच राहील. कागदावर की लिहिताना इंग्रजी अंक वापरा, वर की आयडीची पहिली आठ अक्षरं आणि लॅपटॉप कुणाचा ते लिहा, आणि तो कागद लॅपटॉपची बॅग सोडून इतर कुठेही ठेवा.